अमेरिकेबाहेर ‘ग्रीन बुक’ एवढा का चालला?

कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ना’ थोडे काढलेत, सगळे नाही.

आज दोन पिक्चर शेजारी शेजारी ठेवूया. एक ‘हिडन फिगर्स’, 2016 च्या अखेरीस आलेला. नासामध्ये गणित आणि इंजिनिअरिंगचं काम करणाऱ्या तीन कृष्णवर्णीय बायकांची गोष्ट. दुसरा ‘ग्रीन बुक’, 2018 चा. डॉन शर्ली हा कृष्णवर्णीय पियानोवादक आणि टोनी हा त्याचा इटालियन वंशाचा गोरा ड्रायव्हर. 1962 मध्ये दोघं गाडीने अमेरिकेच्या दक्षिणेत कार्यक्रमांच्या दौऱ्यावर निघतात. गोऱ्यांच्या हॉटेलात शर्लीला जागा मिळणार नाही, म्हणून सोबत एक पुस्तिका असते. कृष्णवर्णीय प्रवाशाने कुठे उतरावं, कुठे जेवावं याची यादी. ती खरोखर होती. न्यूयॉर्कचा पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन याने 1936 मध्ये ती सुरू केली.

आता साम्य बघा. दोन्ही गोष्टी साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या, दोन्ही खऱ्या माणसांवर, दोन्ही वर्णभेदाबद्दल, आणि दोन्ही हसतखेळत सांगितलेल्या. खर्च एकाचा सुमारे अडीच कोटी डॉलर, दुसऱ्याचा 2 कोटी 30 लाख. माहेरशाला अली तर दोन्हीकडे आहे! माझ्यासारख्या माणसाला असा नमुना मिळाला की लगेच स्प्रेडशीट उघडावीशी वाटते.

उघडली. ‘हिडन फिगर्स’ची जगभरची कमाई सुमारे 23 कोटी 60 लाख डॉलर. त्यातले जवळजवळ 17 कोटी अमेरिका-कॅनडातले. (हॉलिवूडच्या हिशेबात कॅनडा ‘डोमेस्टिक’मध्येच मोजतात. कॅनडावाल्यांना कुणी विचारलं असेल का, देव जाणे.) ‘ग्रीन बुक’ची जगभरची कमाई सुमारे 32 कोटी 18 लाख, पण अमेरिका-कॅनडात फक्त 8 कोटी 51 लाख. म्हणजे शंभर रुपये मिळाले असं धरलं, तर ‘हिडन फिगर्स’ला बाहेरून 28 आणि ‘ग्रीन बुक’ला 74. ‘ग्रीन बुक’ने बाहेरच्या देशांत जेवढे कमावले, तेवढी ‘हिडन फिगर्स’ची सगळ्या जगातली कमाई आहे.

असं का झालं?

पहिलं उत्तर सोपं: ऑस्कर. ‘हिडन फिगर्स’ला तीन नामांकनं होती, मिळालं काहीच नाही. ‘ग्रीन बुक’ला 24 फेब्रुवारी 2019 ला सर्वोत्कृष्ट चित्रपट. पण ऑस्कर तर दरवर्षी कुणाला तरी मिळतं. इथे वेळ जुळून आली. घरी पिक्चर अगदी हळू सुरू झाला होता. नोव्हेंबरात जास्त थिएटरांत गेला, तेव्हा शनिवार-रविवार धरून साधारण 55 लाख डॉलर. फ्लॉपच म्हणाल. पण घसरेचना. ॲप लाँच झाल्यावर पहिल्या दिवशीचे डाउनलोड सगळेच बघतात, पण तीस दिवसांनी किती लोक उरले तो आकडा खरं सांगतो. तसंच हे. तीन महिने पिक्चर थिएटरात टिकला आणि ऑस्करनंतरच्या वीकेंडला आधीच्या वीकेंडच्या दुपटीहून जास्त कमावले.

आणि 1 मार्चला, ऑस्करनंतर पाच दिवसांत, तो चीनमध्ये लागला. तिकडे एकूण सुमारे 7 कोटी डॉलर, बाहेरच्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. यामागे नशीब होतं तशी तयारीही होती. पिक्चरच्या मागे असलेल्या ॲम्ब्लिन पार्टनर्समध्ये अलिबाबा पिक्चर्सने 2016 मध्येच छोटा वाटा घेतला होता, आणि तिकिटं विकणारं मोठं ॲप ताओप्याओप्याओ हे अलिबाबाचंच. ज्या कंपनीचा पिक्चरशी संबंध, तिच्याच ॲपवर लोक ‘आज काय बघायचं’ हे ठरवतात. ॲम्ब्लिन पार्टनर्सच्या स्थापनेत आपल्याकडची रिलायन्स एंटरटेनमेंटही होती, हे जाता जाता.

इथे एक सावधगिरी. हे सगळे आकडे तिकीटविक्रीचे आहेत, नफ्याचे नाहीत. अमेरिकेत ढोबळमानाने तिकिटाचे अर्धे पैसे थिएटर ठेवतं. चीनमध्ये वर्षाला 34 परदेशी पिक्चर वाटा घेऊन येऊ शकतात, त्यांच्या निर्मात्यांना सुमारे 25 टक्के मिळतात. बाकीच्यांचे हक्क ठरावीक रकमेला विकले जातात, आणि मग पिक्चर कितीही चालला तरी वरचा पैसा विकत घेणाऱ्याचा. मध्यम बजेटच्या पिक्चरचे हक्क तर अनेकदा देशागणिक वेगवेगळ्या कंपन्यांना आधीच विकलेले असतात. त्यामुळे ‘जगभरात 32 कोटी’ म्हणजे कुणा एकाच्या खिशात 32 कोटी, असं अजिबात नाही.

पण मला खरी गंमत दुसऱ्या उत्तरात वाटते. विनोद सहसा सीमा ओलांडताना मरतो, कारण तो भाषेत असतो. ‘ग्रीन बुक’चा विनोद मात्र बराचसा डोळ्यांनी कळतो. टोनी अख्खा पिझ्झा दुमडून खातो. गाडीतून कप बाहेर फेकतो आणि शर्ली त्याला गाडी मागे घेऊन तो उचलायला लावतो. याला सबटायटल कशाला?

आता तो चिकनचा सीन. केंटकीत टोनी केंटकी फ्राइड चिकनची बादली घेतो आणि शर्लीला आग्रह करतो, ‘तुम्हा लोकांना हे आवडतं ना!’ या अर्थाने. अमेरिकेत फ्राइड चिकन आणि कृष्णवर्णीय माणसं ही जोडी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची कुचेष्टा आहे. तिथला प्रेक्षक हसतो, पण काहीजण आतून आक्रसतात. बीजिंगमध्ये केएफसी 1987 पासून आहे, तिथे फ्राइड चिकन हा नुसता खाऊ. तोच सीन तिथे दोन माणसांची मैत्री जुळण्याचा. ओझं विमानतळावरच राहिलं, विनोद पुढे गेला.

‘हिडन फिगर्स’चं नेमकं उलटं. तिथला आनंद ‘आपण अंतराळात माणूस पाठवला आणि त्यात या बायका होत्या’ हा आहे, आणि त्यातलं ‘आपण’ म्हणजे अमेरिका. ते ‘आपण’ पुण्यात किंवा पॅरिसमध्ये तितकंसं लागू पडत नाही. पाहुणा म्हणून बोलावतात, पण जेवायला बसू देत नाहीत, हे मात्र कुठेही कळतं. पाणवठ्यावरून माणसं हाकलल्याचा इतिहास असलेल्या आपल्याला तर जास्तच.

म्हणून मला हा पिक्चर नुसता ‘सोपा’ म्हणून उडवून लावता येत नाही. पण अमेरिकेतला दुसरा वादही बाहेर पोचलाच नाही. पटकथेत टोनीच्या मुलाचा, निक व्हॅलेलोंगाचा हात आहे. पिक्चरमधला शर्ली आपल्या कुटुंबापासून आणि समाजापासून तुटलेला दाखवलाय. शर्लीच्या नातेवाइकांनी जाहीरपणे सांगितलं की हे खोटं आहे, आणि आम्हाला कुणी विचारलंही नाही. निकचं म्हणणं, खुद्द शर्लीनेच इतरांशी बोलू नकोस असं सांगितलं होतं. शर्ली आणि टोनी दोघंही 2013 मध्ये वारले, त्यामुळे आता विचारणार कुणाला?

हॉलिवूडमध्ये एक जुना समज आहे: कृष्णवर्णीयांच्या गोष्टी परदेशात विकल्या जात नाहीत. पुढच्या पिक्चरला पैसे द्यायचे की नाही, हे अशा समजांवर ठरतं. मग ‘ग्रीन बुक’चे 74 रुपये कुठल्या रकान्यात टाकायचे? समज खोटा ठरला असं म्हणावं, तर ऑस्करची नामांकनं बघा. टोनी झालेला व्हिगो मॉर्टेनसन मुख्य अभिनेत्याच्या यादीत. आणि ज्याचा दौरा, ज्याचा पियानो, ज्याला हॉटेलात जागा नाही, तो शर्ली करणारा अली सहाय्यक अभिनेत्याच्या. तो पुरस्कार त्याला मिळालाही.