बाह्य संदर्भ (संगणक-साहाय्यित आरेखन)

बाह्य संदर्भ म्हणजे संगणकावर काढलेल्या एका आरेखनात दुसऱ्या आरेखनाची फाइल समाविष्ट न करता केवळ दुव्याने जोडण्याची पद्धत होय. व्यवहारात तिला 'एक्सरेफ' असे म्हणतात. ज्या आरेखनाला अशी जोडणी केली जाते त्याला यजमान आरेखन म्हणता येईल. जोडलेले आरेखन पडद्यावर आणि कागदावर यजमानाचाच भाग असल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात यजमान फाइलमध्ये संदर्भाचे नाव, फाइलचा मार्ग, स्थान, प्रमाण व कोन अशी जोडणीपुरती माहितीच असते. त्यामुळे या पद्धतीचे यश आरेखनाच्या कौशल्याइतकेच फाइलींच्या शिस्तबद्ध व्यवस्थापनावर अवलंबून असते. या लेखात मुख्यतः ऑटोकॅड या प्रणालीतील बाह्य संदर्भांचा विचार केला आहे.

उगम व प्रयोजन

ऑटोडेस्क कंपनीने ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आणले. आरंभी एक आरेखन दुसऱ्यात वापरायचे असल्यास ते 'ब्लॉक' म्हणून घालावे लागे. अशा वेळी त्याची संपूर्ण प्रत यजमान फाइलमध्ये उतरत असे आणि मूळ फाइलमध्ये नंतर केलेले बदल त्या प्रतीपर्यंत पोहोचत नसत. १९९० मधील अकराव्या आवृत्तीत बाह्य संदर्भांची सोय आली.

एखाद्या बहुमजली इमारतीचे उदाहरण घेता येईल. वास्तुविशारद मजल्याचा आराखडा तयार करतो. संरचना अभियंता, विद्युत अभियंता आणि नळकामाचा आरेखक तोच आराखडा आपापल्या फाइलींना संदर्भ म्हणून जोडतात. वास्तुविशारदाने एखादी भिंत ३०० मिलिमीटर सरकवून फाइल साठवली, तर इतरांनी आपली आरेखने उघडताच भिंत नव्या जागी दिसते. सर्वांच्या हाती एकाच आराखड्याची एकच अद्ययावत प्रत असते. तो दुवा नकळत तुटला किंवा जुन्या फाइलकडे वळला, तर विजेच्या नळ्या पूर्वीच्या भिंतीच्या ठिकाणी आखल्या जातात आणि चूक बांधकामाच्या जागीच उघड होते.

जोडणीचे प्रकार

संदर्भ 'अटॅच' किंवा 'ओव्हरले' या दोन प्रकारांनी जोडता येतो. दोहोंतील फरक एकात एक गुंतलेल्या संदर्भांच्या बाबतीत दिसून येतो. 'क' हे आरेखन 'ख' मध्ये आणि 'ख' हे 'ग' मध्ये जोडले आहे असे मानू. 'क' हे 'अटॅच' प्रकाराने जोडले असल्यास ते 'ग' मध्येही दिसते. 'ओव्हरले' प्रकाराने जोडले असल्यास दिसत नाही. अनेक शाखांचे आरेखक परस्परांच्या फाइली वापरतात तेथे 'ओव्हरले' सोयीचा ठरतो, कारण एकच आराखडा अनेक वाटांनी पुनःपुन्हा येत नाही.

जोडणी करताना सर्व फाइलींचा आरंभबिंदू एकच असावा लागतो. एककेही तपासावी लागतात: मीटरमध्ये काढलेल्या आरेखनावर मिलिमीटरची नोंद असेल, तर आकारात हजारपटीचा फरक पडू शकतो.

फाइलीचा मार्ग

मार्ग तीन प्रकारे साठवता येतो. पूर्ण मार्गात ड्राइव्हपासून प्रत्येक फोल्डरचे नाव असते. फाइली दुसऱ्या संगणकावर नेल्या की तो बहुधा निकामी होतो. सापेक्ष मार्ग यजमान फाइलच्या स्थानापासून मोजला जातो, म्हणून प्रकल्पाचे संपूर्ण फोल्डर हलवले तरी तो टिकतो. मात्र वेगळ्या ड्राइव्हवरील फाइलसाठी तो वापरता येत नाही. ऑटोकॅडच्या २०१८ च्या आवृत्तीपासून हाच मार्ग मूलनिश्चित आहे. तिसऱ्या प्रकारात केवळ फाइलचे नाव साठवले जाते.

साठवलेल्या मार्गावर फाइल सापडली नाही, तर प्रणाली यजमान फाइलच्या फोल्डरमध्ये आणि नेमून दिलेल्या अन्य फोल्डरांमध्ये शोध घेते. कोठेच न सापडल्यास आरेखनात त्या जागी केवळ मार्गाचा मजकूर दिसतो. याहून धोकादायक स्थिती म्हणजे शोधात त्याच नावाची जुनी प्रत सापडणे. ती प्रत निमूटपणे जोडली जाते आणि आरेखन वरकरणी परिपूर्ण दिसते. म्हणून संदर्भांच्या यादीतील 'साठवलेला मार्ग' आणि 'प्रत्यक्ष सापडलेले ठिकाण' या दोन नोंदी छपाईपूर्वी ताडून पाहणे आवश्यक असते.

स्तर व नावे

संदर्भातील स्तरांच्या म्हणजे लेयरच्या नावापुढे फाइलचे नाव उभ्या रेषेसह लागते, उदाहरणार्थ, 'मजला|भिंती'. यामुळे दोन फाइलींतील समान नावे एकमेकांत मिसळत नाहीत. 'शून्य' हा स्तर याला अपवाद असून त्यावरील रेषा यजमानाच्या शून्य स्तराचे गुणधर्म घेतात. संदर्भाच्या स्तरांचे रंग वा दृश्यता यजमानात बदलता येते आणि 'व्हिसरिटेन' या नियामकाचे मूल्य १ असल्यास ते बदल टिकून राहतात. मूळ फाइलला त्यांची बाधा होत नाही.

व्यवस्थापन

'रीलोड' या आज्ञेने संदर्भाची ताजी प्रत वाचली जाते. 'अनलोड' केल्यास संदर्भ तात्पुरता लुप्त होतो, पण जोडणी कायम राहते. 'डिटॅच' या आज्ञेने जोडणीच काढून टाकली जाते. पडद्यावरील आकृती पुसून टाकणे म्हणजे 'डिटॅच' करणे नव्हे. तिची नोंद यजमान फाइलमध्ये उरतेच.

चालू कामात फाइलचे नाव स्थिर ठेवणे हा सर्वांत महत्त्वाचा नियम होय. प्रत्येक सुधारणेनंतर नावाला दिनांक किंवा 'अंतिम' असा शब्द जोडल्यास यजमान आरेखने जुन्याच नावाची फाइल वाचत राहतात. त्याऐवजी चालू फाइलचे नाव न बदलता जुन्या प्रती दिनांकासह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात.

हस्तांतरण व जतन

आरेखन दुसऱ्या कार्यालयाला पाठवताना केवळ यजमान फाइल पुरेशी नसते. 'ईट्रान्समिट' ही सुविधा संदर्भ, चित्रे, अक्षरसंच व छपाईच्या शैली एकत्र करून त्यांचा संच बनवते. संदर्भ कायमचा यजमानात मिसळायचा असल्यास 'बाइंड' ही आज्ञा वापरतात. तिच्या 'बाइंड' या पर्यायात वरील स्तराचे नाव 'मजला$०$भिंती' असे होते. 'इन्सर्ट' या पर्यायात फाइलचे नाव गळून पडते आणि समान नावाचा स्तर आधीच असल्यास यजमानाची व्याख्या ग्राह्य धरली जाते. यानंतर मूळ फाइलमधील बदल यजमानात येत नाहीत. म्हणून हा उपाय चालू कामापेक्षा अंतिम प्रतीच्या जतनासाठी योग्य ठरतो. जोडलेली छायाचित्रे मात्र अशा रीतीने मिसळता येत नाहीत.

अन्य प्रणाली

मायक्रोस्टेशनमध्ये संदर्भ फाइली आणि रेव्हिटमध्ये जोडलेली प्रतिमाने याच तत्त्वावर वापरली जातात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १९६५० या मानकात बांधकामविषयक माहितीसाठी सामाईक संग्रहाची कल्पना मांडली आहे. त्यात चालू काम, सामायिक, प्रकाशित आणि संग्रहित अशा अवस्था मानल्या आहेत. कोणती फाइल इतरांनी संदर्भ म्हणून वापरण्यास योग्य आहे, हे अशा विभागणीमुळे स्पष्ट होते.