एक खाते, दोन कायदे

गेल्या काही वर्षांत आमच्या खेड्यापाड्यांतील कित्येक घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीस गेलेली आढळते. कोणी रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी संगणकाच्या कामावर आहे. त्यांच्याकडून आलेला एखादा कागद समजला नाही म्हणजे वडीलधारी मंडळी तो घेऊन आमच्याकडे येतात. असेच एक वयोवृद्ध गृहस्थ परवा आले. त्यांचा मुलगा न्यू जर्सी राज्यात असतो. त्याने फोनवर सांगितले होते, "बाबा, माझ्या आरोग्याच्या खात्यावरचा कर भरावयाचा राहिला आहे, असे इथल्या राज्य सरकारचे पत्र आले आहे."

गृहस्थ हबकून गेले होते. मुलाने काही लबाडी तर केली नाही ना, ही त्यांची पहिली भीती. दुसरी चिंता घरची होती. मुलाच्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करावयाची आहे, आणि ती याच खात्यातील पैशांतून व्हावी असे घरात ठरत आले होते. 'खाते आरोग्याचे, मग आईच्या आजारास ते का चालू नये?' असा त्यांचा साधा हिशेब. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अनेक घरांस उपयोगी पडतील असे वाटल्यावरून आम्ही हा विषय येथे मांडीत आहोत.

प्रथम हे खाते म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत औषधोपचार अतिशय महाग आहेत. विम्यावाचून तेथे निभाव लागत नाही. विम्याचा एक प्रकार असा आहे की, त्याचा हप्ता तुलनेने कमी असतो, परंतु वर्षाच्या खर्चाचा पहिला मोठा भाग विमेदाराने आपल्याच खिशातून सोसावयाचा असतो. हा भाग एकट्या माणसासाठी निदान १,६५० डॉलर व कुटुंबासाठी निदान ३,३०० डॉलर असला पाहिजे, असा २०२५ सालचा नियम होता. असा विमा घेणाऱ्यास खर्चाची तरतूद करता यावी म्हणून डिसेंबर २००३ मध्ये तेथील काँग्रेसने केलेल्या कायद्यान्वये 'हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट', म्हणजे आरोग्य बचत खाते, अस्तित्वात आले. १ जानेवारी २००४ पासून ते उघडता येऊ लागले. २०२५ सालासाठी या खात्यात एकट्या माणसास ४,३०० डॉलर व कुटुंबाचा विमा असणाऱ्यास ८,५५० डॉलर भरता येत होते. ५५ वर्षांवरील माणसास आणखी १,००० डॉलर. २०२६ साठी याच मर्यादा ४,४०० व ८,७५० डॉलर अशा आहेत.

या खात्यास मध्यवर्ती सरकारने तीन सवलती दिल्या आहेत. खात्यात भरलेल्या रकमेवर प्राप्तिकर नाही. आत पडून राहिलेल्या पैशावरील व्याजावर वा नफ्यावर कर नाही. आणि औषधोपचारासाठी रक्कम काढली तर तिच्यावरही कर नाही. वर्षअखेर शिल्लक राहिलेले पैसे बुडत नाहीत. ते पुढील वर्षी तसेच चालू राहतात. इतकी उदार सवलत पाहून आमच्या मुलांनी हे खाते उघडले तर त्यात नवल नाही.

मग राज्य सरकारचे पत्र कशासाठी? येथे आपल्या व त्यांच्या राज्यव्यवस्थेतील फरक ध्यानी घेतला पाहिजे. आपल्याकडे पगारावरील प्राप्तिकर केंद्र सरकार घेते. राज्यांस शेतीच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार घटनेने ठेवला आहे, आणि राज्यांचा व्यवसाय कर माणशी वर्षास २,५०० रुपयांपलीकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे एकाच पगारावर दोन सरकारांस दोन वेगळी प्राप्तिकर विवरणपत्रे द्यावी लागतात, ही गोष्ट आमच्या वाचकांच्या अनुभवात नाही. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्ये मध्यवर्ती कराखेरीज आपला स्वतंत्र प्राप्तिकर घेतात. कॅलिफोर्नियाने तो १९३५ साली सुरू केला, न्यू जर्सीने १९७६ साली. टेक्सस व फ्लॉरिडा यांसारख्या काही राज्यांत पगारावर असा कर मुळीच नाही.

सीमाभागात राहणाऱ्यांस ही गोष्ट पेट्रोलच्या दाखल्याने चटकन समजेल. बेळगावहून गोव्यास जाताना हद्द ओलांडली की त्याच पेट्रोलचा भाव बदलतो, कारण त्यावरील राज्याचा कर बदलतो. माल तोच, वाहन तेच, परंतु कायदा दुसरा. तसेच या खात्याचे आहे. प्राप्तिकर घेणाऱ्या बहुतेक राज्यांनी मध्यवर्ती सवलत आपल्याही कायद्यात मान्य केली आहे. कॅलिफोर्निया व न्यू जर्सी या दोन राज्यांनी मात्र २०२५ च्या करवर्षापर्यंत ती मान्य केलेली नव्हती, आणि नेमक्या याच दोन राज्यांत आपली पुष्कळ मराठी माणसे राहतात. या राज्यांच्या दृष्टीने आरोग्य बचत खाते हे बँकेतील कोणत्याही साध्या खात्यासारखेच आहे.

याचा परिणाम विवरणपत्रावर कसा होतो, तो एका उदाहरणाने सांगतो. समजा, न्यू जर्सीतील एका तरुणाच्या खात्यात २०२५ साली त्याच्या पगारातून कापून ३,३०० डॉलर व मालकाकडून १,००० डॉलर असे एकूण ४,३०० डॉलर जमा झाले. वर्षअखेर मालक त्यास डब्ल्यू-२ नावाचे पगारपत्रक देतो. त्यातील १ क्रमांकाच्या चौकटीत मध्यवर्ती करास पात्र असलेला पगार असतो. त्यात हे ४,३०० डॉलर धरलेले नसतात. ती रक्कम १२ क्रमांकाच्या चौकटीत डब्ल्यू या अक्षरापुढे स्वतंत्र दाखविलेली असते. १६ क्रमांकाच्या चौकटीत राज्याच्या हिशेबाचा पगार असतो, आणि त्यात हे ४,३०० डॉलर मिळविलेले असले पाहिजेत. म्हणून राज्याच्या विवरणपत्रात १६ व्या चौकटीतील आकडा घ्यावयाचा. मालकाने चुकून तेथे रक्कम मिळविली नसेल, तर ती दुरुस्त करून घ्यावी व विवरणपत्रात धरावी.

आमच्याकडे आलेल्या गृहस्थांच्या मुलाने येथेच चूक केली होती. मध्यवर्ती विवरणपत्र आधी भरले, आणि तोच पगाराचा आकडा राज्याच्या कागदावर उतरविला. हेतू वाईट नव्हता. परंतु हेतू चांगला असला म्हणून राज्याचा कर माफ होत नाही, आणि उशीर होईल तसे व्याज चढत जाते.

दुसरी गोष्ट व्याजाची. वर्षभरात खात्यावर ६० डॉलर व्याज मिळाले, तर मध्यवर्ती विवरणपत्रात ते दाखवावयाचे नसते. या दोन राज्यांत ते व्याजाच्या उत्पन्नात मिळवावे लागते. पैसे समभागांत गुंतविले असतील तर त्यांचा लाभांश व विक्रीतील नफाही दरसाल धरावा लागतो. हे खाते मध्यवर्ती करातून मुक्त असल्यामुळे त्या व्याजाचा वेगळा दाखला सहसा येत नाही. म्हणून खात्याची मासिक उताऱ्यांची पाने जपून ठेवावी व त्यांवरून बेरीज करावी. समभाग किती किमतीस घेतले याचीही नोंद ठेवावी. नाही तर विक्रीच्या वेळी नफा किती हे सांगता येत नाही.

कॅलिफोर्नियात हाच फरक 'शेड्यूल सीए' नावाच्या जोडपत्रात दाखवितात. पगारातून कापलेली व मालकाने भरलेली रक्कम तेथे उत्पन्नात मिळवावयाची. एखाद्याने ती स्वतः खात्यात भरून मध्यवर्ती विवरणपत्रात वजावट घेतली असेल, तर ती वजावट राज्याच्या हिशेबात परत काढावयाची. मध्यवर्ती सरकारकडे या खात्यासाठी ८८८९ क्रमांकाचा फॉर्म जोडावा लागतो, तो निराळा.

येथे सगळा तोटाच आहे असे मात्र नाही. राज्याने एकदा कर घेतलेली ही रक्कम पुढे खात्यातून काढली, तर राज्य तिच्यावर पुन्हा कर घेत नाही. शिवाय तिच्यातून केलेला औषधोपचाराचा खर्च राज्याच्या हिशेबी माणसाने स्वतःच्या खिशातून केलेला खर्च ठरतो. न्यू जर्सीत वर्षाच्या उत्पन्नाच्या २ टक्क्यांहून अधिक झालेल्या अशा खर्चाची वजावट मिळते. कॅलिफोर्नियात खर्चांची तपशीलवार वजावट घेणाऱ्यास ती उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांवरील भागाची मिळते. ज्यांच्या घरी मोठे आजारपण झाले आहे त्यांनी हा हक्क सोडू नये.

चूक होऊन गेली असल्यास ती लपविण्यापेक्षा सुधारणे केव्हाही बरे. न्यू जर्सीत त्यासाठी 'एनजे-१०४०एक्स' हे सुधारित विवरणपत्र आहे. कॅलिफोर्नियात विवरणपत्र नव्याने भरून 'शेड्यूल एक्स' जोडतात. पत्र येण्याची वाट न पाहता मागील वर्षांची पाने एकदा तपासून घ्यावी. जो तरुण टेक्सससारख्या राज्यातून कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत राहावयास जातो त्याने तर विशेष जपले पाहिजे. कारण जुन्या घरी जो प्रश्नच नव्हता, तो नव्या घरी पहिल्या दिवसापासून उभा राहतो.

आता आईच्या गुडघ्याचा प्रश्न. येथे राज्याचा नव्हे, तर मध्यवर्ती कायदाच आड येतो. खातेदार स्वतः, त्याची पत्नी किंवा तिचा पती, आणि कायद्याने अवलंबित मानलेली माणसे, एवढ्यांच्याच उपचारास हे पैसे करमुक्त वापरता येतात. आईवडील मुलावर पूर्णपणे अवलंबून असले, तरी जे अमेरिकेचे नागरिक नाहीत आणि भारतात राहतात त्यांस तो कायदा अवलंबित मानीत नाही. त्या नियमात शेजारच्या कॅनडा व मेक्सिको या देशांच्या रहिवाशांस जागा आहे, आपल्यास नाही. आईवडील केवळ मुलाच्या भेटीस जाऊन आले म्हणून ही स्थिती आपोआप बदलत नाही.

तरीही मुलाने त्या खात्यातून आईसाठी ३,००० डॉलर काढले तर काय होईल? ती रक्कम त्याच्या त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळविली जाईल. त्यास २२ टक्के दराने कर लागत असेल तर ६६० डॉलर कर झाला. शिवाय खातेदार ६५ वर्षांखालील असल्यास २० टक्के जादा कर, म्हणजे आणखी ६०० डॉलर. एकूण १,२६० डॉलर सरकारजमा होऊन हाती १,७४० उरतील. हेच पैसे त्याने आपल्या साध्या बचतीतून पाठविले, तर यांतील एक डॉलरही जात नाही. आणि मुलाने आईवडिलांस दिलेली रक्कम आपल्या देशातही त्यांचे करपात्र उत्पन्न धरली जात नाही. याउलट खातेदार मुलगा गावी आला असता स्वतःच आजारी पडला, तर येथील रुग्णालयाचा त्याचा स्वतःचा खर्च त्या खात्यातून भागविता येतो; पावती मात्र हवी. अशी पावती जपून ठेवली, तर खाते उघडल्यानंतर झालेल्या खर्चाचे पैसे पुढे केव्हाही काढून घेता येतात.

हे सर्व आम्ही त्या गृहस्थांस समजावून सांगितले. मुलाने चोरी केली नाही, एक आकडा चुकीच्या चौकटीतून उचलला, हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. गुडघ्याच्या बाबतीत मात्र ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, आमच्यामुळे त्याला दंड व्हावयाचा असेल तर ते पैसे नकोत. दुसरी तजवीज करू." त्याच रात्री त्यांनी मुलास फोन केला. सुधारित विवरणपत्र भरण्याचे त्याने कबूल केले, आणि आईसाठी दरमहा साध्या बचतीतून थोडे थोडे पाठवावयाचे ठरले. शस्त्रक्रिया आता पावसाळ्यानंतर व्हावयाची आहे.

ज्या घरांतील मुले तिकडे आहेत त्यांनी पुढच्या फोनवर दोनच गोष्टी विचाराव्यात: 'तुझे राज्य हे खाते मानते काय? आणि राज्याच्या कागदावर पगाराचा कोणता आकडा घातलास?' नियम व मर्यादा दरसाल बदलू शकतात, म्हणून अखेरचा शब्द तेथील जाणत्या हिशेबनिसाचा घ्यावा. दोन्ही विवरणपत्रांची मुदत साधारणतः १५ एप्रिल ही असते. हा प्रश्न मार्चमध्येच विचारला गेला, तर पत्र येण्याचा प्रसंगच येणार नाही.