मोठ्या फाईली तालुक्याहून घरी कशा आणाव्यात?



ज्या वाड्या-पाड्यांवर अजून इंटरनेटची रेंज नीट पोहोचलेली नाही, तेथेही एखाद्या घरी संगणक असतोच. कधी मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला, तर कधी शहरातल्या पाहुण्यांनी नवा घेतल्यावर दिलेला. अशा संगणकावर प्रशिक्षणाच्या चित्रफिती पाहता येतात, कीड-रोगांच्या सचित्र पुस्तिका वाचता येतात. 'किविक्स' या मोफत प्रोग्रॅमच्या साहाय्याने मराठी विकिपीडियासुद्धा इंटरनेटशिवाय उघडता येतो. अडचण एवढीच की ही सामग्री आकाराने मोठी असते व ती तालुक्याच्या गावाहून आणावी लागते. एस.टी.चे भाडे आणि दिवसाची खोटी करून आणलेली फाईल घरी उघडली नाही, तर सगळा खटाटोप वाया जातो.

सामान हाताने वाहून आणणे हा मागासलेपणा समजू नये. सप्टेंबर २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका कबुतराच्या पायाला ४ जीबीचे मेमरी कार्ड बांधून ते हॉविकहून दर्बानला सोडले होते. कार्ड पोहोचून त्यावरील माहिती संगणकात उतरेपर्यंत सुमारे दोन तास लागले. तेवढ्या वेळात इंटरनेटवरून तीच माहिती अवघी ४ टक्के गेली होती! आपल्याकडेही रोजचा डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर आला, तर १ जीबीची फाईल उतरायला जवळजवळ ३५ तास लागतील. त्यापेक्षा एस.टी. बरी.

आधी घरचा संगणक पाहावा

तालुक्याला निघण्यापूर्वी चार गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात: विंडोज कोणती आहे, ती ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हार्ड डिस्कवर जागा किती शिल्लक आहे, आणि सीडी, डीव्हीडी, यूएसबी यांपैकी काय चालते. बहुतेकांची फसगत येथेच होते. सीडीच्या जुन्या ड्राइव्हमध्ये डीव्हीडी वाचली जात नाही. विंडोज ९८ असलेल्या संगणकाला पेन ड्राइव्ह लावण्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर पेन ड्राइव्ह लावूनही काही दिसत नाही.

फाईल आणायची म्हणजे ती उघडणारा प्रोग्रॅमही सोबत आणायचा. घरी इंटरनेट नसल्याने तो नंतर मिळणार नाही. चित्रफितींसाठी 'व्हीएलसी' चांगला आहे. मात्र विंडोज एक्सपीवर त्याची ३.० ही मालिकाच चालते, पुढची चालणार नाही. चित्रफीतही ३६० किंवा ४८० पी या प्रतीची घ्यावी. जास्त प्रतीची फाईल जागा खाते आणि जुन्या संगणकावर अडखळत चालते. विंडोज एक्सपीमध्ये मराठी मजकुराऐवजी चौकोन दिसत असतील, तर मूळ विंडोजची सीडी घालून भारतीय लिपींची सोय सुरू करून घ्यावी लागते.

माध्यम कोणते घ्यावे

पेन ड्राइव्ह सर्वांत सोयीचा. पण त्यात एक मेख आहे. बहुतेक लहान पेन ड्राइव्ह 'फॅट-३२' पद्धतीने तयार केलेले असतात व या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाईल बसत नाही. पेन ड्राइव्ह १६ जीबीचा आणि रिकामा असला, तरी संगणक 'फाईल फार मोठी आहे' असे सांगतो. मग दुकानदार पेन ड्राइव्ह खराब ठरवतो आणि आपण नवा घेतो! घरी विंडोज एक्सपी किंवा त्यापुढची असेल तर पेन ड्राइव्ह 'एनटीएफएस' पद्धतीने फॉरमॅट करावा (फॉरमॅट केल्यास आतले सर्व पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे), नाहीतर फाईलचे तुकडे करावेत.

बाजारात २००-३०० रुपयांत १ टीबीचा पेन ड्राइव्ह कोणी देत असेल, तर घेऊ नये. अशा मालात प्रत्यक्ष जागा थोडीच असते. ती भरली की पुढचे लिहिलेले नाहीसे होते, आणि नावे मात्र तशीच दिसत राहतात. 'एचटूटेस्टडब्ल्यू' या मोफत प्रोग्रॅमने खरी जागा तपासता येते.

सीडीवर ७०० एमबी मावते. तिचे लेखन कमी वेगाने करून 'व्हेरिफाय'ची खूण करावी. फ्लॉपीवर जेमतेम १.४४ एमबी बसते. एका सीडीइतका मजकूर फ्लॉपींवर न्यायचा म्हटला तर पाचशेच्या वर फ्लॉप्या लागतील. शंभरांत एकच फ्लॉपी खराब निघते असे धरले, तरी २० फ्लॉपींचा संच पूर्ण वाचला जाण्याची शक्यता ८२ टक्केच उरते, आणि १०० फ्लॉपींची ३७ टक्के. म्हणून आता फ्लॉपी लहानसहान कागदपत्रांपुरतीच ठेवावी. ट्रॅक्टरच्या टेपच्या स्पीकरजवळ ती ठेवू नये. पावसाळ्यात दमट हवेने तिच्या फितीवर बुरशी धरते.

फाईलचे तुकडे करणे

'सेव्हन-झिप' हा मोफत प्रोग्रॅम यासाठी पुरेसा आहे. फाईलवर उजवे बटण दाबून 'ॲड टू आर्काइव्ह' निवडावे व 'स्प्लिट टू व्हॉल्यूम्स' या चौकटीत तुकड्याचा आकार द्यावा. तुकड्यांच्या नावांच्या शेवटी ००१, ००२ असे क्रमांक येतात. घरी ते सर्व एकाच फोल्डरमध्ये ठेवून फक्त ००१ वर 'एक्स्ट्रॅक्ट' द्यावे. नावे बदलू नयेत. एक जरी तुकडा राहिला तरी फाईल जुळत नाही. सेव्हन-झिपची ३२ बिटची प्रतही पेन ड्राइव्हमध्ये टाकून आणावी.

झिप केल्याने प्रत्येक फाईल लहान होते, हा समज चुकीचा आहे. चित्रफिती व छायाचित्रे मुळातच दाबून बसवलेली असतात. चरकातून निघालेले चिपाड पुन्हा चरकात घातले तर रस किती निघणार?

तुकडे जास्त असतील तर 'विनरार'मधील 'रिकव्हरी व्हॉल्यूम' तुकड्यांसोबतच करून घ्यावेत. असे दोन जादा तुकडे सोबत असले, तर मूळ तुकड्यांपैकी कोणतेही दोन बिघडले तरी फाईल उभी राहते. बियाणे नेताना सांड-लवंड धरून चार मुठी जास्त नेतो, तसेच हे.

पडताळा तेथेच घ्यावा

उतरवताना वीज गेली किंवा लाईन तुटली तर अर्धवट फाईल पूर्ण असल्यासारखी दिसू शकते. म्हणून संकेतस्थळावर दिलेला आकार आपल्या फाईलशी ताडून पाहावा. तेथे 'एसएचए-२५६' नावाचा ६४ अक्षर-अंकांचा क्रमांक दिला असेल तर फारच उत्तम. सेव्हन-झिपमध्ये फाईलवर उजवे बटण दाबून तो काढता येतो, आणि एक अक्षर जरी वेगळे आले तरी फाईल बिघडली असे समजावे. पेन ड्राइव्हवर नक्कल केल्यावर तो 'सेफली रिमूव्ह' करून काढावा, पुन्हा लावावा आणि मग पडताळा घ्यावा. तसे न केल्यास संगणक स्वतःच्या स्मरणातली प्रत वाचून सर्व ठीक असल्याचे सांगू शकतो. या कामाला दहा मिनिटे लागतात. दुकानदार घाई करील, पण पैसे पडताळा झाल्यावरच द्यावेत.

दुकानातल्या संगणकावर दिवसभर पन्नास जणांचे पेन ड्राइव्ह लागतात, त्यामुळे विषाणूची लागण सहज होते. २००८-०९ मध्ये जगभर पसरलेला 'कॉन्फिकर' पेन ड्राइव्हवरूनही फिरत होता. घरी इंटरनेट नसल्याने विषाणू-प्रतिबंधक प्रोग्रॅम जुनाच राहतो, म्हणून अधिक जपावे लागते. घरच्या संगणकाला पेन ड्राइव्ह लावताना 'शिफ्ट' कळ दाबून धरावी, म्हणजे त्यातले काही आपोआप सुरू होत नाही. पुस्तिकेच्या नावाशेवटी 'ईएक्सई' असेल तर ती पुस्तिका नव्हे. ती न उघडता पुसून टाकावी. आणण्यासाठी एक पेन ड्राइव्ह वेगळाच ठेवावा. त्यावर घरचे हिशेब, आधारच्या प्रती असे काही ठेवू नये.

पहिल्या फेरीला मोठ्या फाईलीच्या मागे न लागता दहा-वीस एमबीची एखादी पुस्तिका व तिचे चार तुकडे आणून पाहावेत. ते घरी जुळले व उघडले, की पुढच्या बाजाराच्या दिवशी चित्रफिती आणायला हरकत नाही.