भिलाईकरांच्या खिशातली टॉर्च

रोज खिशात बाळगायची टॉर्च घेताना गिऱ्हाईक आधी तिचा उजेड बघते आणि दुकानदारही डब्यावरचा लुमेनचा आकडाच पुढे करतो. खरे तर आजच्या टॉर्चमध्ये उजेड हीच सर्वांत स्वस्त गोष्ट झाली आहे. टॉर्च ऐन वेळी दगा देते ती सेल, बटण, आटे नाहीतर वायसर यांच्यापायी. एलईडी सहसा या सगळ्यांनंतरही शिल्लक असतो. त्यामुळे टॉर्चची निवड करताना ती कोणाच्या हातात, कोणत्या हवेत आणि कशाच्या शेजारी पेटणार आहे, हे आधी ठरवावे लागते. भिलाईत तर हा प्रश्न टाळून चालत नाही.

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि तेव्हापासून हे गाव तीन पाळ्यांत जगते. केबलचे बोगदे, कन्व्हेयरच्या गॅलऱ्या, यंत्रांखालची तेलाची तळघरे अशा जागी भरदुपारीही हातात उजेड लागतो. रात्रपाळी संपवून सेक्टरमधल्या क्वार्टरकडे निघालेल्याला सायकल लावताना, कुलूप उघडताना पुन्हा तीच टॉर्च हवी असते. पावसाळ्यात आणखी एक कारण असते: मण्यार. इथले लोक तिला करैत म्हणतात. हा विषारी साप रात्री हिंडतो आणि उंदरांच्या वा इतर सापांच्या मागावर घरातही शिरतो. पाय टाकण्याआधी जमिनीवर बॅटरी मारण्याची सवय छत्तीसगडात आणि विदर्भात जीव वाचवते.

हातातल्या विजेरीचे पेटंट अमेरिकेत १८९९ साली डेव्हिड मिसेल यांच्या नावे निघाले. भारतात दोन-तीन पिढ्यांनी एव्हरेडीच्या किंवा जीपच्या धातूच्या, मोठे सेल घालायच्या टॉर्च वापरल्या. त्या सरकत्या बटणाच्या होत्या आणि पडल्या की त्यांच्या बल्बची तार तुटे. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅगलाइट आली. तिचे अॅल्युमिनियमचे अंग इतके जाड होते की पोलिसांनी ती उचलून धरली. पुढे बंदुकीवर लावायचे छोटे दिवे निघाले आणि त्यांतून आज ‘टॅक्टिकल’ म्हणतात तो घाट तयार झाला: तळहातात मावणारी नळी, मागच्या टोकाला बटण, एका हाताने, हातमोजा घालून आणि न बघता पेटवता येईल अशी रचना. आता हा शब्द कोणत्याही काळ्या टॉर्चवर छापलेला असतो, त्यामुळे त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. वर सांगितलेली रचना मात्र खरोखर उपयोगाची आहे.

कारखान्यात काम करणाऱ्याने सर्वांत आधी आपण वायूच्या क्षेत्रात जातो का, हे पाहावे. कोक ओव्हनच्या वायूत निम्म्याहून अधिक हायड्रोजन असतो आणि तो अगदी क्षीण ठिणगीनेही पेट घेतो. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो विषारी तर आहेच, हवेत पुरेसा मिसळला तर स्फोटकही होतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये भिलाईत कोक ओव्हनच्या वायूवाहिनीवर काम चालू असताना आग लागून दहाहून अधिक कर्मचारी दगावले. त्या आगीशी टॉर्चचा संबंध नव्हता, पण असा वायू पेटायला फार काही लागत नाही. नेहमीच्या टॉर्चच्या बटणात जुळताना-सुटताना सूक्ष्म ठिणगी पडते, आणि खाली पडून सेल हलला तरी पडते. म्हणून अशा ठिकाणी ठिणगीची ऊर्जाच मर्यादेत ठेवणारी, म्हणजे अंगभूत सुरक्षित टॉर्च लागते. तिच्यावर ‘ईएक्स’ अशी खूण, वायूचा गट आणि झोन कोरलेला असतो. हायड्रोजनसाठी गट ‘दोन-सी’ हवा. ‘दोन-ए’ची टॉर्च तिथे चालत नाही. भारतात अशा उपकरणांना मंजुरी देणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. खाणींसाठी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता लागते. जलरोधक असणे आणि अंगभूत सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कितीही महागडी, पाण्यात बुडवली तरी चालणारी टॉर्च असो, ही खूण नसेल तर ती वायूक्षेत्राच्या फाटकाबाहेरच राहिली पाहिजे. खिशातल्या मोबाइललाही हाच नियम लागू आहे, ही गोष्ट बरेचजण विसरतात.

वायूचा प्रश्न निकाली निघाला की मग आकडे बघावेत. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. कँडेला म्हणजे त्या झोताची एका दिशेतली तीव्रता. दोन टॉर्च सारख्या लुमेनच्या असूनही एक खोली उजळते आणि दुसरी पाण्याच्या टाकीचे टोक दाखवते, ते या फरकामुळे. हे आकडे मोजण्याची एक रीत २००९ साली अमेरिकेत ‘एफएल-१’ या नावाने ठरली आणि चांगले उत्पादक ती पाळतात. तिच्यानुसार झोताचे अंतर म्हणजे जिथे पाव लक्स उजेड पडतो ते अंतर, म्हणजे साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. हिशेब सोपा आहे: कँडेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट करायचे. १०,००० कँडेलाच्या टॉर्चचे अंतर २०० मीटर येते. ४०० मीटर हवे असेल तर कँडेला चौपट, म्हणजे ४०,००० लागतात. पण चांदण्यात माणूस आहे की खांब, हे नीट कळत नाही. त्यामुळे छापील अंतराच्या निम्म्यापर्यंतच कामाचे दिसेल असे धरून चालावे.

चालण्याच्या वेळेचा आकडाही असाच जपून वाचावा लागतो. टॉर्च सुरुवातीच्या उजेडाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ त्यात धरलेला असतो. हजार लुमेनची खिशातली टॉर्च तो उजेड काही मिनिटेच देते. अंग तापले की आतले सर्किट तो आपोआप खाली आणते. मे महिन्यात भिलाईची हवा ४५ अंशांच्या घरात जाते तेव्हा ही उतरण आणखी लवकर येते. खरेदी करताना ‘टर्बो’चा आकडा सोडून द्यावा आणि २०० ते ३०० लुमेनवर ती किती तास टिकते ते विचारावे. घरापासून कारखान्यापर्यंतची बहुतेक कामे तेवढ्या उजेडात होतात, आणि चाव्या किंवा मीटर बघायला पाच-दहा लुमेनही पुरतात. तेव्हा अगदी मंद पायरी असलेली टॉर्च रोजच्या वापरात अधिक उपयोगी पडते.

खरा विचार सेलचा करायला हवा. आज बहुतेक दणकट टॉर्चमध्ये १८६५० हा लिथियम-आयन सेल असतो. त्याच्या आकड्यातच माप आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. २१७०० हा त्याचा थोरला भाऊ. चांगल्या १८६५० सेलची क्षमता साधारण ३,००० ते ३,६०० मिलिअँपिअर-तास असते. बाजारात ‘९,९००’ छापलेले सेल सर्रास मिळतात. ते आवरण खोटे आहे एवढे ओळखायला त्याहून अधिक तपासणीची गरज नाही. वजनात हलका लागणारा सेल तर हातातही घेऊ नये. लिथियम सेलवर भारतीय मानक आयएस १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा.

या सेलची उन्हाशी अडचण आहे. बहुतेक उत्पादक ते ४५ अंशांपलीकडे चार्ज करू नयेत आणि ६० अंशांपलीकडे वापरू नयेत असे सांगतात. भिलाईच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालची खोली पहिली मर्यादा दुपारीच गाठते, आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर दुसरीही ओलांडली जाते. चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे लावावे, गाडीत टॉर्च ठेवायचीच झाली तर सीटखाली ठेवावी. ज्यांना हा व्याप नको त्यांच्यासाठी पेन्सिल सेलची टॉर्च अजूनही शहाणपणाची निवड आहे: उजेड कमी, पण सेल कोणत्याही पानटपरीवर मिळतो. फक्त अल्कलाइन सेल महिनोन्‌महिने आत ठेवले की पाझरतात आणि टॉर्च आतून सडते. त्याऐवजी पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल वापरावेत. पेन्सिल सेलएवढ्याच मापाचा १४५०० हा लिथियम सेलही मिळतो. तो भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो, तर पेन्सिल सेल दीड. टॉर्च दोन्हींसाठी बनवलेली नसेल तर सर्किट क्षणात जळते.

बटणाची परीक्षा दुकानातच होते. मागचे बटण अर्धे दाबले की टॉर्च पेटली पाहिजे आणि सोडताच विझली पाहिजे. पूर्ण दाबले तर ती पेटलेली राहावी. खिशात आपोआप पेटलेली जोरदार टॉर्च कापड करपवते, कातडीही भाजते. त्यावरचा उपाय आट्यांत असतो. चांगल्या टॉर्चच्या मागच्या टोपीचे आटे अॅनोडाइज केलेले असतात, आणि अॅनोडाइज केलेला थर वीज वाहू देत नाही. त्यामुळे टोपी पाव वेढा सैल केली की मंडल तुटते, बटण कितीही दाबले तरी काही होत नाही. दुकानदारासमोर टोपी तेवढी फिरवून बघावी. बटण तरीही चालत असेल तर आटे उघड्या धातूचे आहेत.

दिवा फडफडवणारी स्ट्रोबची सोय सर्वांत जास्त गाजवली जाते आणि सामान्य माणसाला सर्वांत कमी लागते. साधे दोनदा दाबले की स्ट्रोब सुरू होत असेल तर ती रोज वैताग देते. कारखान्यात तिचा धोकाही आहे. ठरावीक वेगाने उघडझाप होणाऱ्या उजेडात फिरते चाक किंवा शाफ्ट थांबल्यासारखा दिसू शकतो. काही स्वस्त टॉर्च मंद उजेडासाठीही अशीच वेगवान उघडझाप करतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितले तर पडद्यावर सरकते पट्टे दिसून ती उघडी पडते.

शेपटीला चुंबक असलेली टॉर्च यंत्रावर चिकटवून दोन्ही हात मोकळे ठेवता येतात. रोलिंग मिलच्या आसपास मात्र तोच चुंबक लोखंडी कीस आणि पोलादावरची खपली गोळा करतो. टॉर्च चुंबकी पिनेने चार्ज होणारी असेल तर ते कण उघड्या संपर्कांवर बसतात आणि शॉर्ट होतो. अशा ठिकाणी सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर भरायची टॉर्च बरी. यूएसबी-सीचे भोक असलेल्या टॉर्चमध्ये त्यावरचे रबरी झाकण घट्ट बसते का ते पाहावे. धूळ आणि पाणी दोन्ही आधी तिथूनच शिरतात.

अंगाच्या मजबुतीबाबत दोन खुणा पुरतात. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. त्यातला ‘एक्स’ धुळीची चाचणी झाली नसल्याचे सांगतो. भिलाईत आयपी-६८ शोधावे, कारण त्यातला सहाचा आकडा धुळीचा आहे. पडण्याची चाचणी किमान एक मीटरवरून काँक्रीटवर होते. शिडीवर काम करणाऱ्याला हे अंतर तोकडे आहे, त्याने टॉर्चला दोरी अडकवावी.

उजेडाच्या रंगाकडे फारसे कोणी बघत नाही, इलेक्ट्रिशियनने तरी बघायला हवे. निळसर पांढऱ्या स्वस्त एलईडीखाली रंग फिके पडतात, आणि लाल, पिवळ्या, निळ्या फेजच्या धुळकट तारा वेगळ्या ओळखणे कठीण होते. ४,००० ते ५,००० केल्विनचा, ९० किंवा अधिक रंगनिर्देशांकाचा एलईडी थोडा कमी झगझगतो, पण तार आणि जखम या दोन्ही त्यात नीट दिसतात.

घेतलेल्या टॉर्चची देखभाल थोडीच असते. वर्षातून दोन-तीनदा आटे कापडाने पुसून रबरी ओ-रिंगला सिलिकॉनचे ग्रीस लावावे. पेट्रोलियम जेलीने रबर फुगू शकते. फार दिवस वापर नसेल तर लिथियम सेल अर्धा भरून ठेवावा. रायपूरहून विमानाने जाताना सुटे सेल प्लास्टिकच्या डबीत घालून हातातल्या पिशवीत घ्यावे लागतात. सामानात टाकलेले सुटे लिथियम सेल तपासणीत काढून घेतले जातात.