विंडोज बदलल्यावर डीव्हीडी रायटर दिसेनासा झाला तर

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि अनेकांनी ११ टाकलं. त्यानंतर बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर दिसेनासा झाला, तर तो लगेच भंगारात काढू नका.

आधी वीज तपासा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. बर्न करताना रायटर जास्त वीज ओढतो. हब टाळून केबल थेट कॉम्प्युटरला लावा.

तरीही डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह आणि ‘कोड १९’ किंवा ‘३९’ दिसला, तर दोष बहुधा जुन्या बर्निंग सॉफ्टवेअरचा. त्याने रजिस्ट्रीत ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी ठेवलेल्या असतात. त्यांत नाव असलेला ड्रायव्हर नव्या विंडोजमध्ये चालत नाही, म्हणून रायटर अडतो. रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या आणि ‘४डी३६ई९६५’ने सुरू होणाऱ्या फोल्डरमधल्याच या नोंदी पुसा. इथे घाई नको: शेजारच्या ‘४डी३६ई९६बी’मधली अशीच नोंद पुसली, तर कीबोर्डच बंद पडतो. योग्य नोंदी पुसून झाल्या की कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

ड्रायव्हर विकणाऱ्या साइट्सच्या नादी मात्र मुळीच लागू नका. डीव्हीडी रायटरचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो.