एका '@' चिन्हाने दूरची वेब सर्व्हिस कोडमध्ये कशी येते?

समजा, नेदरलँड्समधली एक कंपनी फ्रान्समधल्या व्यापाऱ्याला माल विकते आहे. हे बिल व्हॅटशिवाय करायचं असेल, तर इतर अटींबरोबर खरेदीदाराकडे दुसऱ्या सदस्य देशाचा वैध व्हॅट क्रमांक असावा लागतो. 2020 पासून युरोपियन युनियनमध्ये ही अट आणखी कडक झाली आहे. क्रमांक चुकीचा निघाला, तर कराचा भुर्दंड विकणाऱ्याच्या गळ्यात पडू शकतो.

हा क्रमांक तपासण्यासाठी युरोपियन कमिशनची 'व्हीआयईएस' नावाची सेवा आहे. आपल्याकडे समोरच्या व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक तपासतात, तसंच हे. फरक इतकाच, की रोज शेकडो बिलं करणाऱ्या कंपनीत कुणी माणूस वेबसाइट उघडून एकेक क्रमांक टाकत बसत नाही. कंपनीचं बिलिंग सॉफ्टवेअरच त्या सर्व्हरला विचारतं.

पण सॉफ्टवेअरला तो सर्व्हर सापडतो कसा? जावा भाषेत याचं एक उत्तर आहे '@वेबसर्व्हिसरेफ' ही छोटीशी खूण. ती काय करते आणि कुठे फसवते, हे सोप्या भाषेत समजून घेऊया.

वेब सर्व्हिस म्हणजे काय?

वेबसाइट माणसांसाठी असते, वेब सर्व्हिस प्रोग्रॅमसाठी. एक प्रोग्रॅम ठरलेल्या साच्यात प्रश्न पाठवतो, दुसरा ठरलेल्या साच्यात उत्तर देतो. व्हीआयईएसला देशाचा कोड आणि व्हॅट क्रमांक पाठवला, की क्रमांक वैध आहे की नाही हे कळतं. काही देशांच्या बाबतीत नाव आणि पत्ताही मिळतो.

हा संवाद 'सोप' नावाच्या पद्धतीने होतो. त्यात मजकूर एक्सएमएलमध्ये लिहिलेला असतो. या सेवेला काय विचारता येतं, उत्तर कोणत्या रूपात येतं आणि तिचा पत्ता कोणता, हे सगळं एका फाइलमध्ये नोंदवलेलं असतं. त्या फाइलला 'डब्ल्यूएसडीएल' म्हणतात. हे सेवेचं माहितीपत्रकच म्हणा.

जावामध्ये 'डब्ल्यूएसइम्पोर्ट' नावाचं साधन हे माहितीपत्रक वाचतं आणि त्यावरून तयार जावा क्लास बनवून देतं. मग प्रोग्रॅमरला एक्सएमएल हाताने लिहावं लागत नाही. दूरच्या सर्व्हरचा एक स्थानिक प्रतिनिधी त्याला मिळतो. या प्रतिनिधीला 'प्रॉक्सी' म्हणतात. त्याच्याकडे प्रश्न दिला, की तो पलीकडे पोहोचवतो आणि उत्तर घेऊन येतो.

आधी अडचण काय होती?

2003 मध्ये आलेल्या जे2ईई 1.4 या आवृत्तीत ही सेवा वापरायची, तर एका वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये तिची नोंद करावी लागायची. मग कोडमध्ये 'जेएनडीआय' नावाच्या नोंदवहीत त्याच नावाने ती शोधावी लागायची. नाव एका ठिकाणी, शोध दुसऱ्या ठिकाणी. एक अक्षर चुकलं, तरी कोड बिनतक्रार कंपाइल व्हायचा आणि चूक प्रोग्रॅम चालू झाल्यावरच समोर यायची.

दुसरा मार्ग म्हणजे कोडमध्येच सगळं लिहून टाकणं. तो सोपा वाटतो, पण चाचणीचा सर्व्हर वेगळा आणि खऱ्या कामाचा वेगळा असतो. पत्ता कोडमध्ये गाडला गेला, की तो बदलण्यासाठी कोड उघडावा लागतो. आणि बदलायला कुणी विसरलं, तर खरी बिलं चाचणीच्या सर्व्हरकडून तपासली जातात.

आचारी आणि यादी

यावरचा उपाय 'डिपेंडन्सी इंजेक्शन' या नावाने ओळखला जातो. हे नाव मार्टिन फाउलर यांच्या 2004 मधल्या लेखामुळे रूढ झालं. कल्पना मात्र लग्नघरात कुणीही पाहिलेली आहे.

लग्नाचा आचारी बाजारात जात नाही. तो यादी देतो: इतके तांदूळ, इतकी तूरडाळ, इतकं तूप. कोणत्या दुकानातून आणायचं, हे यजमान बघतात. आचाऱ्याला सामान चुलीपाशी हजर हवं, एवढंच. उद्या दुकान बदललं, तरी त्याच्या रेसिपीत काही फरक पडत नाही.

इथे आचारी म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला क्लास. यजमान म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हर, ज्याला 'कंटेनर' म्हणतात. आणि यादी म्हणजे ॲनोटेशन, म्हणजेच '@' चिन्हाने सुरू होणारी खूण. ॲनोटेशनची सोय जावा 5 मध्ये, 2004 साली आली. 2006 मध्ये जावा ईई 5 ने तिचा आधार घेऊन @वेबसर्व्हिसरेफ आणलं.

ही खूण काम कशी करते?

प्रत्यक्ष कोड रोमन लिपीत असतो, पण त्याचं रूप साधारण असं:

@वेबसर्व्हिसरेफ
चेकव्हॅटसर्व्हिस सेवा;

दोनच ओळी. यांचा अर्थ, 'मला व्हॅट तपासणारी सेवा लागणार आहे, ती या जागी आणून ठेवा.' त्यानंतर पडद्यामागे असं घडतं:

1. कंटेनर क्लास तपासतो आणि त्यातल्या खुणा टिपून घेतो.
2. सेवेचा प्रकार आणि डब्ल्यूएसडीएलची जागा बघून तो सेवेचा ऑब्जेक्ट तयार करतो.
3. क्लासचा ऑब्जेक्ट बनला, की त्या रिकाम्या जागेत सेवा भरतो. हेच 'इंजेक्शन'.
4. 'पोस्टकन्स्ट्रक्ट' अशी खूण असलेली मेथड असेल, तर ती यानंतर चालते.
5. मग खऱ्या कामाला सुरुवात होते.

या सेवेकडून पुढे प्रॉक्सी मागता येतो. खुणेत सेवेचा क्लास सांगितला, तर कंटेनर थेट प्रॉक्सीही भरून देऊ शकतो. खुणेला नावही देता येतं. त्याच नावाची नोंद एक्सएमएल फाइलमध्ये केली, तर फाइलमधली माहिती वरचढ ठरते. म्हणजे कोडला हात न लावता सेवेची जोडणी बदलता येते. जुन्या पद्धतीतली फाइल पूर्ण गेली नाही. ती सक्तीची होती, ती गरजेपुरती उरली.

मग ती चालत कुठे नाही?

नव्या प्रोग्रॅमरची सर्वात जास्त फजिती इथे होते. यजमान सामान देतात ते त्यांनी बोलावलेल्या आचाऱ्याला. तसंच कंटेनर इंजेक्शन करतो ते फक्त स्वतः तयार केलेल्या ऑब्जेक्टमध्ये: सर्व्हलेट, ईजेबी, लिसनर वगैरे. एखाद्या साध्या क्लासवर ही खूण लिहिली आणि 'न्यू' वापरून त्याचा ऑब्जेक्ट स्वतःच बनवला, तर कंटेनरला त्याचा पत्ताच नसतो. जागा रिकामी राहते आणि पहिल्याच वापराला 'नलपॉइंटरएक्सेप्शन' येतं. खूण बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी सेवा गायब.

दुसरा सापळा कन्स्ट्रक्टरचा. वरचा क्रम पाहिला तर लक्षात येईल, की इंजेक्शन ऑब्जेक्ट बनल्यानंतर होतं. त्यामुळे कन्स्ट्रक्टरमध्ये सेवा वापरायला गेलं, तर तिथे ती अजून आलेलीच नसते. सुरुवातीची तयारी पोस्टकन्स्ट्रक्ट मेथडमध्ये करायची, ती याचसाठी.

तिसरा सापळा जास्त छुपा आहे. सर्व्हलेटचा साधारणपणे एकच ऑब्जेक्ट एकाच वेळी अनेक लोकांच्या विनंत्या हाताळतो. त्यात भरलेला प्रॉक्सीही मग सगळ्यांचा सामाईक होतो. पण प्रॉक्सी एकाच वेळी अनेकांनी वापरला तरी सुरक्षित राहील, अशी हमी मूळ मानकात नाही. एका विनंतीने त्याचा पत्ता किंवा पासवर्ड बदलला, तर दुसरीचं काम बिघडू शकतं. म्हणून सर्व्हलेटमध्ये सेवा इंजेक्ट करून प्रॉक्सी गरजेनुसार वेगळा घेणं हा जपून चालण्याचा मार्ग आहे.

'उत्तर आलं नाही' म्हणजे 'नाही' नव्हे

इंजेक्शन झालं, म्हणजे पलीकडचा सर्व्हर चालू आहे असं नाही. प्रॉक्सी हातात आला, एवढंच सिद्ध होतं. व्हीआयईएसकडे सगळ्या देशांची यादी एकत्र ठेवलेली नसते. ती प्रश्न त्या त्या देशाच्या यंत्रणेकडे पाठवते. त्या देशाची यंत्रणा बंद असेल, तर 'सदस्य देश उपलब्ध नाही' अशा अर्थाचा वेगळा दोष परत येतो.

प्रोग्रॅमरने हा दोष आणि 'क्रमांक अवैध' हे उत्तर एकाच खात्यात टाकलं, तर प्रामाणिक व्यापाऱ्याला उगाच कर लागतो. उलट दोष गिळून 'वैध' धरलं, तर विकणारा अडचणीत येतो. कोणत्याही ॲनोटेशनला हा निर्णय घेता येत नाही. तो माणसानेच विचार करून कोडमध्ये लिहायचा असतो: थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं, बिल थांबवायचं, की कुणाच्या तरी नजरेखालून घालायचं.

आज हे वापरात आहे का?

आहे, पण नव्या कामांत कमी. अनेक नव्या सेवा 'रेस्ट' पद्धतीच्या असतात. मोठ्या संस्थांच्या जुन्या यंत्रणा मात्र अजूनही सोपवर चालतात, आणि त्या सांभाळणाऱ्यांना दोन बदल माहीत असायलाच हवेत.

पहिला, सप्टेंबर 2018 मध्ये आलेल्या जावा 11 मधून सोपची लायब्ररी आणि डब्ल्यूएसइम्पोर्ट दोन्ही काढून टाकण्यात आली. आता ती वेगळी जोडावी लागतात.

दुसरा, जावा ईईची सूत्रं ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेली आणि तिचं नाव जकार्ता ईई झालं. डिसेंबर 2020 मधल्या जकार्ता ईई 9 पासून पॅकेजच्या नावातलं 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' आलं. जुन्या नावाची खूण नव्या सर्व्हरवर नेली, तर सर्व्हर ती ओळखत नाही, आणि बऱ्याचदा तशी तक्रारही करत नाही. जागा गुपचूप रिकामी राहते.

मूळ कल्पना मात्र टिकून आहे. रेस्ट सेवांसाठी मायक्रोप्रोफाइलमध्ये '@रेस्टक्लायंट' आहे, तर स्प्रिंगमध्ये '@ऑटोवायर्ड'. नावं वेगळी, रीत तीच: काय हवं ते क्लासने सांगायचं, कुठून आणायचं ते कंटेनरने बघायचं. त्यामुळे एखाद्या दिवशी ती जागा रिकामी दिसली, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: हा ऑब्जेक्ट नक्की बनवला कुणी?