बूट जिथून उसवता येतो

चामड्याचा बूट सगळीकडून सारखा झिजत नाही. आधी जातो तो टाचेचा मागचा बाहेरचा कोपरा, कारण बहुतेकांचे पाऊल तिथे पहिल्यांदा टेकते. मग चवड्याखालचा सोल पातळ होतो. पाऊल उचलताना सगळा भार तिथे येतो आणि तळ जमिनीवर घासत वळतो. वरचे चामडे मात्र तोवर भर उमेदीत असते. त्याला वेळेवर तेल-मेण मिळाले आणि पावसात भिजलेला बूट विस्तवाजवळ किंवा कडक उन्हात न ठेवता सावलीत वाळवला, तर खालचे तीन-चार सोल झिजेपर्यंत ते सहज टिकते. शिवाय तोवर ते आपल्या मालकाच्या पायाचे झालेले असते. हाडाच्या उंचवट्याशी ते सैलावते, बोटांच्या मुळाशी त्याला कायमची घडी पडते. आवडता बूट म्हणतात तो हा. म्हणजे बुटाचा एक भाग मरतो तेव्हा दुसरा नुकता कामाला येऊ लागलेला असतो, आणि या दोघांना धक्का न लावता वेगळे करता येईल का, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात फार थोडे असते. बूट जन्माला आला तेव्हा वर आणि खाल कशाने जोडले, यावर ते बहुतेक ठरून गेलेले असते.

या जोडणीची सर्वांत विचारपूर्वक केलेली रीत म्हणजे वेल्ट. चामड्याची एक अरुंद, लांब पट्टी बुटाच्या कडेने फिरवलेली असते. सोलच्या वरच्या काठावर टाक्यांची रांग दिसते ती या पट्टीवरची. बुटात अशा दोन शिवणी असतात. आतली शिवण दिसत नाही. ती वरचे चामडे, अस्तर आणि वेल्ट यांना आतल्या तळाच्या उभ्या धारेशी बांधते. बाहेरची शिवण वेल्टला खालच्या सोलशी जोडते. दोन्ही शिवणी एकमेकींना कुठेही भेटत नाहीत, आणि सगळी युक्ती यातच आहे. बाहेरची शिवण कापली की सोल निघून येतो. आतली जशीच्या तशी राहते, बुटाचा आकार हलत नाही. रचनाकाराने झिजणारा भाग आधीच ओळखून तो कुठून उसवायचा ती जागाही आखून ठेवलेली असते. सोल आणि वेल्ट हे द्यायचे भाग. चामडे आणि आतला तळ हे राखायचे.

हाताने वेल्ट शिवण्याचे काम युरोपात कित्येक शतके चालत होते, पण ते इतके संथ होते की असा बूट मोजक्या लोकांच्याच पायात जाई. १८७० च्या आगेमागे चार्ल्स गुडइयर धाकटे यांनी वाकड्या सुईच्या यंत्रावर ही आतली शिवण घालण्याची पद्धत पक्की केली आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याचे १८४४ चे अमेरिकी पेटंट त्यांच्या वडिलांचे. वडिलांचे रबर आणि मुलाची शिवण आज कित्येक बुटांच्या तळाशी एकत्र येतात. (गुडइयर हे नाव आपण टायरवर वाचतो, पण ती कंपनी १८९८ ची आणि तिने या कुटुंबाचे फक्त नाव घेतले.) तरीही एक काम हातानेच होत राहिले होते : साच्यावर, म्हणजे कारागिरांच्या फर्म्यावर, चामडे ओढून घट्ट बसवण्याचे. ते सोडवले यान मात्सेलिगर या कृष्णवर्णीय कामगाराने. सुरिनाममधल्या पारामारिबोत जन्मलेला हा तरुण मॅसॅच्युसेट्समधल्या लिन या बूट बनवणाऱ्या गावी आला आणि १८८३ मध्ये त्याने अशा यंत्राचे पेटंट मिळवले. चांगला कारागीर दिवसाला सुमारे पन्नास जोड बसवी. हे यंत्र त्याच्या कित्येक पट जोड करू लागले. बूट स्वस्त झाले. मात्सेलिगर १८८९ मध्ये क्षयाने गेला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी.

या यंत्रांचा पुढचा इतिहास दुरुस्तीच्या दृष्टीने फार बोलका आहे. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या प्रमुख कंपन्या एकत्र येऊन युनायटेड शू मशिनरी कंपनी झाली. आपली मुख्य यंत्रे ती विकत नसे. फक्त भाड्याने देई, आणि त्यांची दुरुस्ती भाड्यातच धरलेली असे. कारखानदाराला ही सोय वाटे. परिणाम असा झाला की त्या यंत्रांची दुरुस्ती करणारा स्वतंत्र कारागीर उभा राहायलाच जागा उरली नाही, आणि जुने यंत्र दुसऱ्या हाती विकले जाण्याचाही प्रश्न आला नाही. मक्तेदारीविरुद्धच्या खटल्यात १९५३ मध्ये न्यायालयाने कंपनीला बजावले : भाड्याची मुदत कमी करा, दुरुस्तीचे पैसे वेगळे लावा, आणि भाड्याने देता ते यंत्र विकायलाही ठेवा. ज्या यंत्रांनी दुरुस्त होणारे बूट लाखोंच्या पायात घातले, ती यंत्रे दुरुस्त करण्याचा हक्क मात्र कोर्टाकडून मिळवावा लागला. वस्तू दुरुस्त होते की नाही याचा निर्णय तिच्या रचनेत होतो तसा तिच्या मालकीच्या अटींतही होतो, याचे इतके नेमके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

सोल बदलण्याचे काम प्रत्यक्षात असे चालते. टाच उपटून काढतात, बाहेरची शिवण कापतात, जुना सोल सोलून काढतात. आत बुचाचा भुगा आणि डिंक यांचा थर असतो. वर्षानुवर्षे दबून त्यात पायाचा ठसा उमटलेला असतो. तो खरवडून नवा भरतात. टाच आणि चवडा यांच्या मधली कमान धरणारी लोखंडी किंवा लाकडी पट्टी तुटली नाही ना, हे पाहतात. कारखान्यात काम होत असेल तर बूट पुन्हा मूळ मापाच्या फर्म्यावर चढवतात, म्हणजे आकार सुटत नाही. मग नवा सोल चिकटवून वेल्टला शिवतात, कड तासून घासतात, रंग आणि मेण देतात. ठसा असलेले बूच गेल्यामुळे पहिले काही दिवस बूट थोडा परका वाटतो. पण आतला तळ तोच राहतो. तो झाडाच्या सालींनी कमावलेल्या जाड चामड्याचा असेल, तर घाम, ऊब आणि वजन यांनी पायाचा आकार त्याने कायमचा घेतलेला असतो, म्हणून परकेपणा लवकर जातो. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे वेळ. सोल झिजून झीज वेल्टपर्यंत पोहोचण्याआधी, आणि टाचेचा सर्वांत खालचा थर संपून वरचे थर घासू लागण्याआधी बूट दुकानात जायला हवा. आतल्या तळाला भेग गेली किंवा वरचे चामडे घडीवर आरपार चिरले, तर उत्तम कारागिरालाही फारसे काही करता येत नाही.

गुडइयर वेल्ट म्हटले की बूट जन्मभर चालणार, असे जाहिराती सांगतात. हे अर्धेच खरे आहे. हाताने शिवलेल्या बुटात आतल्या तळाची धार त्याच चामड्यातून कोरून काढतात. यंत्राच्या पद्धतीत तिच्याऐवजी कापडाची उभी पट्टी तळाला डिंकाने चिकटवतात आणि वेल्ट तिला शिवतात. म्हणजे इतक्या विचारपूर्वक केलेल्या शिवणीच्या मुळाशीही शेवटी डिंकच असतो. तो सुटला तर काम अवघड होते. शिवाय प्रत्येक वेळी सोल शिवताना वेल्टला नवी भोके पडतात, आणि दोन-तीन वेळांनंतर वेल्टही बदलावी लागते. पण ही त्रुटी माझ्या मुद्द्याला पुष्टीच देते : बूट किती वेळा उठून उभा राहील हे आतल्या कापडी पट्टीसारख्या न दिसणाऱ्या बारकाव्यांत ठरते, आणि खरेदी करणाऱ्याला ते कोणी सांगत नाही.

शिवलेल्या बुटाविरुद्धचा एक वजनदार आक्षेप आरामाचा आहे. चिकटवलेले बूट हलके आणि मऊ असतात, पहिल्या दिवसापासून पायात बसतात, स्वस्तही पडतात. धावण्यासाठी वेल्टचा जड बूट कोणी घालू नये, हे मान्यच आहे. चढाईच्या बुटांनाही खिळ्यांच्या तळाऐवजी खाचांचा रबरी तळ मिळाला तो अनुभवातूनच. १९३५ मध्ये आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक दगावल्यावर इटलीच्या व्हिताले ब्रामानी यांनी तो बनवला, आणि १९५४ मध्ये के-२ चे शिखर पहिल्यांदा गाठणाऱ्या इटालियन चढाईत तोच तळ पायाखाली होता. पण रबरी तळ शिवून लावता येतो, बदलताही येतो. प्रश्न आहे तो मधल्या फेसाळ थराचा. पॉलियुरेथेनचा मऊ थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो. बूट कपाटात न वापरता पडून असला तरीही. आपल्या दमट हवेत हे लवकर घडते. सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्यांना सोल अर्ध्या वाटेत उघडा पडण्याचा प्रकार चांगलाच परिचित आहे, आणि तेव्हा बहुतेक वेळा दोष वापराचा नसून त्या थराच्या वयाचा असतो. अशा बुटाला खाली नवा सोल चिकटवला तरी तो ज्या थराला धरायचा तोच भुसभुशीत झालेला असतो. म्हणून आरामाचा आक्षेप मी नाकारत नाही, त्याची मर्यादा दाखवतो. वेगासाठी हलका बूट घ्यावा. पण चालायला, कामाला, रोजच्या उभ्या नोकरीला चिकटवलेलाच बूट लागतो, हे सिद्ध झालेले नाही.

वेल्ट परदेशी असली, तरी तिच्यामागचे तत्त्व आपल्याकडे यंत्राविनाही जुने आहे. कोल्हापुरी चपलेत तळाचे थर चामड्याच्या वादीने शिवतात, खिळा मारत नाहीत. पट्टा, अंगठा आणि कान हे वेगवेगळे भाग असतात. अंगठा तुटला तर अंगठाच बदलतात, तळ झिजला तर नवा थर लावतात. २०१८-१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी, आणि त्यात हाताने शिवण्याच्या या रीतीची दखल आहे. पावसाशी तिचे जमत नाही, ही तिची मर्यादा. पण हाताने उसवता येईल असे काहीतरी बनवायचे, हे ज्ञान या भूमीला नवे नाही.

मग खर्चाचा आक्षेप. नॉर्थॅम्प्टन या इंग्लंडच्या बूट बनवणाऱ्या गावातले कारखाने जुना बूट परत घेऊन नवा सोल, नवे बूच आणि पूर्ण साफसफाई करून देतात. त्याचे शंभर पौंडांहून अधिक घेतात. इतक्यात नवा साधा बूट मिळतो, हे खरे. पण हिशेब जोडीच्या किमतीचा नसून वर्षांचा असायला हवा, आणि तो प्रत्येकाला परवडत नाही हेही तितकेच खरे. एकदम मोठी रक्कम देणे ज्याला शक्य नाही तो दरवर्षी थोडी देत राहतो. ग्राहकाच्या सदिच्छेने हे सुटणार नाही. फ्रान्सने नोव्हेंबर २०२३ पासून कपडे आणि बूट यांच्या दुरुस्तीवर कामाप्रमाणे ६ ते २५ युरोंची थेट सूट सुरू केली, आणि तिचा पैसा माल बाजारात आणणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून येतो. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा विचार मांडला. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली. पायातल्या वस्तूचा त्यात उल्लेख नाही.

महाराष्ट्रात सगळ्यांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय या विषयावर लिहिण्याचा अधिकार नाही. दुरुस्तीचे गुणगान म्हणजे जातीने लादलेल्या कामाचे गुणगान नाही का? रस्त्याच्या कडेला रापी, आरी आणि ऐरण घेऊन बसणाऱ्या माणसाने ते काम निवडलेले नसते. पिढ्यानपिढ्या त्याला त्यावाचून काही दिले गेलेले नसते, आणि वर त्याच चामड्यामुळे त्याला दूर ठेवले गेलेले असते. हा धंदा सोडून पुढे गेलेल्या चर्मकार आणि ढोर समाजातल्या तरुणांना परत बोलावण्याचा हक्क कोणालाही नाही. पण नॉर्थॅम्प्टनमध्ये तेच काम पगारी आहे, प्रशिक्षणाने शिकता येते, आणि कोणत्याही घरात जन्मलेला माणूस ते करतो. कौशल्य दोन्हीकडे तितकेच खरे आहे. फरक कामाच्या किमतीत आणि प्रतिष्ठेत आहे. आपल्या राज्यात गटई कामगारांना शासनाकडून पत्र्याचे स्टॉल मिळतात. ऊन-पाऊस टळतो, ही मोठी गोष्ट. मात्र वेल्टवर सोल शिवणारे यंत्र त्या स्टॉलमध्ये मावणे कठीण, आणि ते एकट्याच्या ऐपतीपलीकडचे. तालुक्याच्या ठिकाणी अशा यंत्रांची सामायिक कार्यशाळा, तिथे शिकायला जातीची अट नाही, कामाचे दर भिंतीवर लिहिलेले, आणि तिच्यासाठी बूट विकणाऱ्या कंपन्यांकडून प्रत्येक जोडीमागे ठरावीक वर्गणी : फ्रान्समध्ये जे चालते त्याहून हे अवघड नाही.